हात लावू का?

गयाबाई आपल्या नवऱ्याला हात लावण्याआधी विचारायच्या.

"अवो, हात लावू का?"

विचारून झालं की त्यांचा हात मारोतीभाऊंच्या खांद्याच्या चार बोटं वर थांबायचा. मारोतीभाऊ कधी लगेच "हं" म्हणायचे. कधी वरच्या पत्र्याकडं बघत पडून राहायचे. आणि कधी म्हणायचे, "थांब जरा." मग गयाबाई हात मागं घ्यायच्या, बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसायच्या आणि थांबायच्या. दुसऱ्यांदा विचारायच्या नाहीत. बऱ्याच वेळानं बाजेवरून "हं, आता" आलं की गुडघ्यावर हात टेकून उठायच्या.

कूस बदलताना, तोंड धुताना, घास भरवताना, लघवीची पिशवी रिकामी करताना, दर वेळी हेच. असं अकरा वर्षं चाललं होतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं कॅमेऱ्याच्या मागून, आणि खरं सांगतो, मला वैताग आला होता. दारातून येणारं ऊन सरकत होतं, बॅटरी उतरत होती, आणि ही बाई हात हवेत धरून उभी.

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. कनेरगाव नाक्यावर माझं दुकान आहे. लग्नात थांबायची सोय नसते. अक्षता पडताना कॅमेरा तयार नसला तर नवरा-नवरी माझ्यासाठी पुन्हा उभे राहत नाहीत. नंतर दुकानात बसून जोडाजोडी करताना तर मी आणखी घाईचा. कोणी नुसतं उभं आहे, नुसतं बघतंय, असा तुकडा दिसला की उडवायचा. बोटांना ती सवयच लागलेली.

हिंगोलीत थेरपी करणाऱ्या एका मॅडम होत्या. लकवा झालेल्या, पाठीचा कणा मोडलेल्या, अशा घरात पडून असलेल्या माणसांचे व्यायाम त्या घेत. घरच्यांनी काय करावं हे शिकवणारे व्हिडिओ फोनवर पुष्कळ मिळतात, पण त्यातली घरं मोठाल्या शहरांतली, भाषा वेगळी, पलंगसुद्धा बटणावर वर-खाली होणारे. "आपल्या लोकांना ते बघून उलट वाटतं की हे आपलं काम नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांना बाजेवरचा, पत्र्याच्या घरातला, इथल्या बोलीतला व्हिडिओ हवा होता. आणि तो गयाबाईंवरच करायचा, कारण अकरा वर्षांत मारोतीभाऊंच्या पाठीला एकही जखम झालेली नव्हती. मॅडमच्या लेखी ही फार मोठी गोष्ट होती. पडून राहून झालेल्या जखमांनी माणसं दगावलेली त्यांनी पाहिली होती.

सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या एका वस्तीवर गयाबाईंचं घर. मेंढ्या, थोड्या शेळ्या, जराशी जमीन. एक मुलगी, ती दूर दिलेली. मारोतीभाऊ शेळ्यांना पाला तोडायला लिंबावर चढले होते. ज्या झाडावर लहानपणापासून चढले त्याच झाडावरून पडले. मान वाचली पण मानेखालचं अंग गेलं. खांदे थोडे हलायचे, कोपर वळायचं, बोटं नाहीत. छातीच्या खाली कोणी चिमटा घेतला तरी त्यांना कळायचं नाही.

म्हणूनच पहिल्या दिवशी मी न राहवून विचारलं, "गयाबाई, हात लागलेला त्यांना कळतच नाही, तर विचारायचं कशाला?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं शहाण्या माणसानं खुळ्यासारखं बोलल्यावर बघावं.

"कळत न्हाई म्हनूनच इच्यारावं लागतंय, भाऊ. तुमाला कोनी हात लावला तर तुमाला कळतंय, तुमी झटकून देसाल. ह्यायनं काय करावं? आंग त्यायचं हाय. आपून पाव्हणे. पाव्हण्यानं दारात आवाज द्यावा का न्हाई?"

मारोतीभाऊ पत्र्याकडं बघून हसले. त्यांचं हसणं फक्त गालात दिसायचं.

मॅडमनी आधी दोनदा विचारलं होतं तेव्हा गयाबाईंनी शूटिंगला साफ नकार दिला होता. "घरातलं दुखणं जगाला काहून दाखवावं?" म्हणून. मग एक दिवस त्यांचाच निरोप आला की या. मारोतीभाऊंची मात्र एक अट होती. ती त्यांनी मला स्वतः सांगितली.

"माझी नुसती पाठ नगा दाखवू. पाठ तर मढ्यालाबी आसती. माझं तोंड दाखवा आन् माझा आवाज ठेवा."

"ठेवतो की," मी म्हणालो. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

हळद शिजवायचे दिवस होते. आजूबाजूच्या शेतांतून कढईचा उग्र गोड वास यायचा, दारात पिवळी धूळ. दोन दिवस मी गयाबाईंच्या कामाचं शूटिंग केलं. सकाळी ऊन दारातून आत आलं की त्या मारोतीभाऊंना कुशीवर वळवायच्या आणि पाठीचा बोट बोट भाग बघायच्या. मेंढीची लोकर फाकवून आत जखम आहे का बघतात, तशी त्यांची नजर फिरायची. कुठं लाल दिसलं, तर त्या स्वतः काही ठरवायच्या नाहीत. एक आरसा भिंतीला टेकवलेला असायचा, दुसरा हातात घ्यायच्या आणि न्हावी जसा मानेमागचं दाखवतो, तशी मारोतीभाऊंची पाठ मारोतीभाऊंना दाखवायच्या.

"हितं लाल दिसून राहिलं. काय करायचं?"

"दुपारपस्तोर ती बाजू नगं."

"बराबर."

टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, म्हणून पोटऱ्यांखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी. गोधडीवर एकही सुरकुती ठेवायची नाही. मेंढपाळाच्या घरात घोंगडीचा केवढा मान, पण मारोतीभाऊंच्या अंगाखाली त्यांनी ती कधी घातली नाही. "घोंगडं टोचतंय. त्यायला टोचलेलं कळत न्हाई, पन कातड्याला कळतंय." मॅडम हे ऐकून वहीत लिहून घेत होत्या.

एकदा मी म्हणालो, "तुम्ही मेंढरांसारखंच बघता यांना." कौतुकानंच म्हणालो होतो. त्यांना ते आवडलं नाही.

"मेंढरू बोलत न्हाई म्हनून त्याला न इच्यारता धरावं लागतंय. मानसाला बोलता येतंय. मंग इच्यारायला काय तकलीफ हाय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मला चहा द्यायला बाहेर आल्या आणि लिंबाखाली टेकल्या. तोच लिंब. अकरा वर्षांत तो तोडावा असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. "झाडाचा काय गुन्हा?" म्हणायच्या. कप हातात देऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, फिलम लवकर करा. मला पोटात गाठ हाय. नांदेडला दाखवलं. त्यायनी हात वर केले."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"मारोतीभाऊंना...?"

"ठाव हाय. आमच्यात लपवालपवी न्हाई." मग त्यांनी हनुवटीनं शेजारच्या खोलीच्या दाराकडं खूण केली. दाराआड डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेली एक बाई उभी होती. त्यांची धाकटी जाऊ, शेवंता. "मॅडम म्हनतेत फिलम जिल्ह्याला दाखवू. दाखवा. मला मातर एका मानसाला दाखवायचं हाय. मी गेल्यावर हिलाच करावं लागन. माझा दीर नामदेव दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर जातो, पार उन्हाळा सरेपस्तोर. घरात हीच राहती."

"मग तिला शेजारी उभी करून शिकवा की."

"कशी शिकवू? ती त्यायच्या समोर येत न्हाई."

त्या घरात ती रीत होती. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही, समोरासमोर बोलायचं नाही. हात लावणं तर सोडाच. शेवंता पंधरा वर्षं त्याच घरात होती आणि मारोतीभाऊंनी तिचा चेहरा नीट पाहिलेला नव्हता. अकरा वर्षं ती दाराशी पाणी ठेवायची, कपडे धुवायची, पण मारोतीभाऊंच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. गयाबाई असेपर्यंत ती रीत मोडायला ना शेवंता धजावली असती, ना मारोतीभाऊ.

"समोर येत न्हाई, पन फोनात बगन," गयाबाई म्हणाल्या. "फोनात बगायला लाज न्हाई. धा बार बगन, ईस बार बगन. मी नसले तरी बगन."



पहिली फिल्म मी केली ती माझ्या धंद्याच्या वळणानं. संथ बासरी घातली. गयाबाई आरसा धरतात तिथं चित्र सावकाश केलं. शेवटी मावळता सूर्य टाकला, जो मी आधीच कुठल्याशा लग्नासाठी धरणावर घेतलेला होता. दाखवायला घेऊन गेलो तेव्हा मोठ्या तोऱ्यात होतो. गयाबाईंनी सगळं बघितलं आणि विचारलं, "ह्यात मेलं कोन?"

"मीच आसन," मारोतीभाऊ बाजेवरून म्हणाले.

मॅडम तोंडाला पदर लावून हसल्या. बासरी गेली, सूर्य गेला. मग मॅडमनी सांगितलं की व्हिडिओ पाच मिनिटांच्या आत बसवा, लोक त्यापेक्षा जास्त बघत नाहीत. ते माझ्या हातचं काम. सबंध शूटिंगमधून मी पाच मिनिटं अशी कोरून काढली की कुठंही सैल जागा राहिली नाही. वळवणं, पाठ बघणं, आरसा, गुंडाळी, भरवणं, सगळं एकामागून एक. मारोतीभाऊंची अटही पाळली. सुरुवातीला त्यांचा चेहरा आणि त्यांचंच एक वाक्य, "मी मारोती, आन् ही माझी घरधनीन." मला वाटलं, आवाज ठेवला.

गयाबाईंनी ती फिल्म फोनवर दोनदा पाहिली. मग म्हणाल्या, "लई लवकर उरकलं, भाऊ."

मी हसलो. मला ती शाबासकी वाटली. त्या आणखी काही बोलणार होत्या, पण त्यांना कळ आली आणि त्या उठून आत गेल्या.

व्हिडिओ खूप फिरला. मी लग्नाला कुठं गेलो की कोणी ना कोणी फोन पुढं करायचं, "हा तुमचाच ना?" मीही मान डोलवायचो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मॅडमचा फोन आला की गयाबाई गेल्या. तेव्हा मी वाशीमला एका साखरपुड्यात होतो. तेराव्यालाही जाणं झालं नाही. कारणं होती, पण खरं कारण असं की त्या घरात गयाबाई नसलेल्या बघायला माझं मन धजत नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावर मॅडमच मला ओढून घेऊन गेल्या. नामदेव मेंढरं घेऊन निघून गेला होता. घरात शेवंता आणि मारोतीभाऊ. शेवंता उंबऱ्याच्या आत होती. डोक्यावर पदर होता, पण चेहरा उघडा. बाजेपाशी गुंडाळ्या, भिंतीला आरसा, गोधडी ताणलेली. सगळं जागच्या जागी होतं. मॅडमनी पाठ बघितली आणि शेवंताच्या खांद्यावर थोपटलं. एवढ्या दिवसांत एकही जखम नाही. मला अभिमान वाटला. एका बाईनं फोनात बघून हे सगळं उचललं होतं, आणि फोनातलं ते माझं होतं.

मग कूस बदलायची वेळ झाली. शेवंता पुढं झाली.

"दादा, हात लावू का," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिनं त्यांचा खांदा धरला, कंबरेखाली हात घातला आणि त्यांना वळवलं. सफाईनं. मारोतीभाऊंनी डोळे मिटून घेतले.

शेवंता पाणी आणायला बाहेर गेली, तेव्हा मी बाजेजवळ बसलो. "बरं करते ना शेवंता?"

"बराबर करती." डोळे मिटलेलेच. "पोरीनं पंधरा सालाची लाज सोडली माझ्यासाठी. तिच्यात काय खोट न्हाई. फिलममधी हाय तसंच करून राहिली."

मी वाट बघत राहिलो. त्यांना आणखी बोलायचं होतं हे दिसत होतं.

"तुमच्या फिलममधी ती थांबतच न्हाई, भाऊ."

मला आधी समजलं नाही.

"इच्यारती, आन् मी काय म्हनायच्या आंदी हात घातलेला आसतो. म्या कवाच 'हं' म्हनलेलं न्हाई त्यात. मंग इच्यारलं काहून?" त्यांनी डोळे उघडले. "धाकलीला वाटतंय, ते बोल म्हंजे देवाचं नाव घेतल्यावानी आसतेत. म्हनायचे आन् उचलायचं. मी तिला सांगू शकत न्हाई. सांगितलं तर तिला वाटन, माझं चुकून राहिलं, आन् ती पुन्हा पदर वढून दाराआड जाईन. अकरा साल मी मानूस व्हतो. आता गाठोडं हाय."

मला माझ्या बोटांची लाज वाटली. "लई लवकर उरकलं" म्हणजे काय, ते मला इतक्या उशिरा कळलं होतं, आणि सांगणारी आता नव्हती.

दुकानात आलो आणि हार्डडिस्क काढली. काम संपलं की मूळ शूटिंग मी महिन्याभरात पुसून टाकतो, जागा लागते म्हणून. गयाबाईंच्या नावाचं फोल्डर नव्हतं. दोन तास शोधलं. शेवटी ते सापडलं त्या आठवड्यातल्या एका लग्नाच्या फोल्डरात, नवरदेवाच्या वरातीच्या शेजारी. घाईत भलत्याच ठिकाणी टाकलं होतं, आणि त्या लग्नाचे पैसे यायचे राहिल्यामुळं ते फोल्डर पुसलेलं नव्हतं, म्हणून वाचलं.

मी ते पहिल्यापासून बघितलं. ज्या जागा मी रिकाम्या म्हणून फेकल्या होत्या, त्या. गयाबाई विचारतात. हात चार बोटांवर थांबतो. पंख्याची घरघर, कुठंतरी शेळीच्या गळ्यातली घंटी. गयाबाईंची नजर नवऱ्याच्या तोंडावर. त्या कंटाळलेल्या नाहीत, वाट बघतायत एवढंच. मग "हं." एका जागी ते "थांब जरा" म्हणतात आणि त्या खाली बसतात, कॅमेरा चालूच राहिलाय आणि मागं मी चुकचुकलेला ऐकू येतोय. त्या माझ्याकडं न बघता म्हणतात, "घाई आसन तर चहा पिऊन या, भाऊ." हेही मी कापलं होतं. त्या बाईचं सगळं आयुष्य त्या थांबण्यात होतं आणि मी नेमकं तेवढंच काढून उरलेलं जिल्हाभर वाटलं होतं. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना मी रडलो.

नवी फिल्म चौदा मिनिटांची झाली. मॅडम म्हणाल्या, "एवढी लांब कोण बघेल?" मी म्हणालो, "एकानं बघितली तरी चालेल." त्यांनी पूर्ण पाहिली आणि उद्याच वस्तीवर न्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी मी वस्तीवर गेलो. शेवंताला सांगितलं की आधीच्या व्हिडिओत माझी चूक झाली होती, हा नीट केलाय. माझी चूक असं मुद्दाम दोनदा म्हणालो. तिनं फोन कोनाड्यात टेकवला आणि समोर उभी राहिली. मारोतीभाऊंना बाजेवरून चित्र दिसत नव्हतं, ऐकू येत होतं.

फोनातून गयाबाईंचा आवाज आला, "अवो, हात लावू का?"

मग पंख्याची घरघर आणि शेळीची घंटी. फोनातले मारोतीभाऊ अजून गप्पच होते.

"हं," बाजेवरचे मारोतीभाऊ म्हणाले.

शेवंतानं मान वळवली. तिच्या पाठीमागं फोनातला "हं" उशिरानं आला. तिनं एकदा फोनाकडं बघितलं, एकदा बाजेकडं, आणि पदराचं टोक तोंडाशी धरलं. चौदा मिनिटं ती हलली नाही. गयाबाई खाली बसल्या तेव्हा तीही भिंतीला टेकून बसली, त्या उठल्या तेव्हा उठली.

फिल्म संपली. कूस बदलायची वेळ झालीच होती. शेवंतानं हात पुसले, बाजेपाशी गेली.

"दादा, हात लावू का?"

तिचा हात खांद्याच्या वर थांबला. मारोतीभाऊ वर पत्र्याकडं बघत होते. मी धंद्याच्या सवयीनं मनात आकडे मोजायला लागलो आणि मग मोजणं सोडून दिलं.

"थांब जरा," ते म्हणाले.

शेवंतानं हात मागं घेतला आणि बाजेच्या पायथ्याशी, जिथं गयाबाई बसायच्या तिथंच, खाली बसली. मीही उंबऱ्यावर बसलो.